चिठ्ठीत निघालेलं घर

तिला कचेरीत सगळे फुटपट्टी म्हणत, आणि हे नाव तिने हाणामारी करून मिळवलं होतं.

आरोग्य खात्याच्या त्या कचेरीत ती शिकाऊ म्हणून रुजू झाली होती. विद्यापीठातून संख्याशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या पोरापोरींना दोन वर्षं कचेरीतच ठेवायचं, खऱ्या रोगांच्या आणि खऱ्या मरणांच्या आकड्यांवर बसवायचं, आणि काम करता करता त्यांच्यातून जीवसंख्याशास्त्रज्ञ घडवायचे, अशी ती योजना. वर्ग नाही, फळा नाही. एक टेबल, एक गुरू, आणि समोर येईल ते काम. पहिल्याच आठवड्यात तिच्यासमोर नवजात बाळांची वजनं आली. एका केंद्रातली झाडून सगळी बाळं एकतर अडीच किलोची नाहीतर तीन किलोची. मधलं म्हणून एक बाळ नाही. वजनकाटा कितीही बिघडला तरी असा बिघडत नाही, हे तिला कळलं. तिने त्या केंद्राच्या कारकुनाला विचारलं, तर तो पान चघळत म्हणाला, "अहो ताई, बाळं काय, सगळी सारखीच असतात." त्याचा हात टेबलावर होता आणि हिच्या हातात फुटपट्टी होती. पुढचं तिलाही नीटसं आठवत नाही. कारकुनाची तीन बोटं सुजली आणि त्याने कचेरी डोक्यावर घेतली.

सरांनी तिला बोलावून घेतलं. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, खात्यातले जुने जीवसंख्याशास्त्रज्ञ. निवृत्तीला टेकलेले, एका कानाने ठार बहिरे, आणि इतके तापट की अर्धा तास गप्प बसले तर शिपाई आत डोकावून बघायचा, बरे आहेत ना म्हणून.

"मारलंस?" त्यांनी विचारलं.

"मारलं."

"मारायचं नाही. आकडा खोटा आहे हे त्याच्या तोंडावर, चार माणसांसमोर सिद्ध करायचं. तो मार जास्त दिवस दुखतो." मग त्यांनी बाळांच्या वजनांचा कागद जवळ ओढला, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "पकडलंस मात्र झकास." त्या एका वाक्यावर ती पुढे वर्षभर राबली.

तिचा हा राग घरचाच होता. बाप मालधक्क्यावर हमालांचा मुकादम. दिवसभर माणसांवर ओरडायचा, आणि घरी आल्यावर उरलासुरला राग हातात उतरायचा. आई मार खायची आणि सकाळी शेजारणींना सांगायची, "पडले." शेजारणीही मोठ्या समंजस. "जपून चालत जा हो," म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. ही मुलगी कॉलेजात जायला लागली तेव्हा एकदा तिने बापाला दारातून असा ढकलला की त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. त्या दिवसापासून बापाने तिच्यादेखत आईवर हात टाकला नाही. तिला वाटलं, आपण जिंकलो. आई गेल्यावर आईच्या बहिणीने तिला खरं काय ते सांगितलं: ती घराबाहेर पडली की बाप दार लावून घ्यायचा आणि दुपटीने मारायचा. आपण घातलेल्या घावाची फेड आईने केली, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. तिने कानाला खडा लावला की पुन्हा हात उचलायचा नाही. कारकुनाच्या बोटांवर फुटपट्टी बसली तेव्हा तो खडा पहिल्यांदा निसटला.

सरांनी तिला आधी मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात बसवलं. काम वरवर सोपं होतं. येणाऱ्या प्रत्येक जखमेला खात्याच्या पुस्तकातला क्रमांक द्यायचा. चाकू का काच, भाजलं का भाजवलं, पडून का पाडून. त्या खोलीतली फरशी सारखी पुसली जायची आणि पुन्हा लाल व्हायची. एका दुपारी भोसकाभोसकीतले दोन गट एकाच वेळी आले आणि त्यांनी राहिलेलं भांडण तिथेच पुरं केलं. सलाईन लटकवायचा लोखंडी दांडा एकाने उपटला आणि दुसऱ्याच्या कानशिलात घातला. सोडवायला गेलेल्या वॉर्डबॉयचे समोरचे दात पडले. एका म्हाताऱ्या नर्सने ऑक्सिजनची नळी सावरत एका गुंडाच्या पेकाटात लाथ घातली, ती इतकी वेळेवर की पोलिसांनी नंतर तिचे आभार मानले. फुटपट्टी टेबलाखाली कागद छातीशी धरून बसली होती. सगळं शांत झाल्यावर सर आले आणि रक्तातून वाट काढत तिच्यासमोर उभे राहिले.

"मोजशील काय?" त्यांनी विचारलं. "माणसं का जखमा?"

"सर, आधी हे पुसू का?"

"पूस. पुसता पुसता विचार कर."

तिने विचार केला आणि सांगितलं की औषधं किती मागवायची ते काढायचं असेल तर जखमा मोजायच्या, आणि उद्या पुन्हा कोण भोसकणार ते काढायचं असेल तर माणसं. सरांनी मान डोलावली. शिकवणं म्हणजे त्यांच्या लेखी एवढंच होतं. कामाच्या मध्यात, माणूस सर्वांत गांगरलेला असताना, एक प्रश्न विचारायचा.

त्याच खोलीत तिला आईच्या शब्दाने पुन्हा गाठलं. बायका यायच्या, ओठ फाटलेला, डोळा मिटलेला, आणि सांगायच्या, "जिन्यावरून पडले." फुटपट्टी त्यांचे तळहात बघायची. जो खरोखर पडतो तो आधी हात टेकतो. त्याचे तळहात सोलवटलेले असतात, मनगट मुरगळलेलं असतं. या बायकांचे तळहात स्वच्छ होते आणि दंडांवर, कोपराच्या वर, बोटांचे काळे ठसे होते. पुस्तकात क्रमांक मात्र 'पडून' याचाच द्यावा लागायचा, कारण बाईनेच तसं सांगितलेलं. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिने सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "इथवर पोचतात त्या थोड्या. ज्यांना जिना उतरूच देत नाहीत त्या किती, ते इथे बसून कळेल का?"

कळणार नव्हतं. म्हणून खात्याने घरोघरची पाहणी काढली. चार भिंतींच्या आत बायकांना किती मार बसतो, हे विचारायचं, थेट बाईला. वरकरणी नाव 'महिला आरोग्य पाहणी'. खरा विषय दारात कुणालाही सांगायचा नाही. सरांचा हट्ट असा की आकड्यांवर गणितं करणाऱ्याने ते आकडे आधी स्वतः दारोदार फिरून आणले पाहिजेत. त्यामुळे फुटपट्टी त्या पाहणीत सर्वांच्या आधी घुसली.

निघण्यापूर्वी त्यांनी तिला नियम घोटून घ्यायला लावले. घरं संगणक चिठ्ठी टाकल्यासारखी काढतो. गल्लीतलं एखादंच घर निघतं, आणि जे निघालं ते निघालं. दार बंद असो, कुत्रा असो, ते बदलून शेजारचं घ्यायचं नाही. तीन खेपा मारायच्या. बाईशी एकटीने, दार लावून बोलायचं. आणि मध्येच कुणी आलं तर कागद उलटायचा आणि मागच्या पानावरचे प्रश्न विचारू लागायचं: पाणी उकळून पिता का, हात साबणाने धुता का. जीव धोक्यात वाटला तर उठून निघायचं. "घर बदललं की आकडा मेला," सर बजावून म्हणाले. "सोपी दारं निवडत गेलीस तर तुला सगळीकडे सुखी बायकाच भेटतील."

तिच्याबरोबर पाहणीतली एक जुनी बाई दिली होती. तिला सगळ्या मावशी म्हणत. मावशीने साथीच्या दिवसांतही घरं पालथी घातली होती. कुठल्या जिन्याची कुठली पायरी हलते हे तिला ठाऊक असायचं.

ते घर असं एका गल्लीत निघालं. खाली दुचाक्या दुरुस्त करायचं गॅरेज, वर मालकाचं बिऱ्हाड. पहिल्या खेपेला गॅरेजवाला स्वतः जिन्याच्या तोंडाशी आला, तेलकट हात चिंधीला पुसत. "बायको घरात नाही," म्हणाला. वरून भांडी घासल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या खेपेला त्याने दोघींना वर नेलं, बायकोला शेजारी बसवलं आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः दिलं. बाई समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिच्या कानाच्या पाळीला, जिथे कुडी असते तिथे, फाटून जुळलेला वण होता. मावशीने पाण्याचे, साबणाचे प्रश्न विचारले आणि दोघी खाली आल्या.

"शेजारचं घर घेऊ," मावशी गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाली. "तिथली बाई बोलकी आहे. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल ना."

"अगं, मी या कामात केस पांढरे केलेत. हा माणूस बघत होता आपल्याकडे. त्याचं बघणं मला आवडलं नाही."

"म्हणूनच तर जायचं, मावशी! जी दारं उघडत नाहीत तीच सोडत गेलो तर मोजतोय काय आपण?"

"तुझं गणित खरं असेल," मावशी म्हणाली, "पण आपण परत गेलो की तो त्या बाईचं काय करेल?" फुटपट्टीने ते सरांच्या कानावर घातलं, चांगल्या कानावर. सरांनीही हट्ट सोडला नाही. "तिसरी खेप मारा," म्हणाले. दोन हुशार माणसं एकमेकांना दुजोरा देत होती, आणि त्या घरातल्या बाईचं काय होईल हा विचार एकटी मावशी करत होती.

तिसऱ्या खेपेला गॅरेजवाला सुटे भाग आणायला बाजारात गेल्याचं खालच्या मेकॅनिकने सांगितलं. मावशी जिन्यात बसली आणि फुटपट्टी वर गेली. बाईने दार उघडलं, तिला क्षणभर निरखलं, आत घेतलं आणि कडी लावली.

खोली स्वच्छ होती, नको तितकी. ओट्यावर भांडी उंचीप्रमाणे लावलेली. पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नाही. दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या खाली, लाकूड आत दबलेलं होतं, कुणीतरी लाथा घातल्यासारखं. बाई स्टुलावर बसली. तिशीची असेल. काटकुळी, पण डोळे तल्लख.

"तुम्ही पाण्याचं विचारायला नाही आलात," ती म्हणाली.

"नाही."

"मग विचारा पटकन. तो जेवायला येतो."

फुटपट्टीने विचारलं. बाई दुकानात सामान सांगावं तशी उत्तरं देत गेली. थोबाडीत मारतो का? मारतो. केस धरून ओढतो का? हो. लाथ? हो. भाजवलं का कधी? सायलेन्सरवर, पोटरीला. गळा दाबला का? एकदा, त्यानंतर दोन दिवस आवाज गेला होता. तिने रडण्याचं नावही काढलं नाही. उलट एका प्रश्नाला ती जवळजवळ हसली. त्यात विचारलं होतं की तो संशय घेतो का. "संशय? तो नळाचा सुद्धा संशय घेतो. टिपकतो का म्हणून." हत्याराने मारण्याची धमकी दिली का, हा प्रश्न फुटपट्टीने वाचायला घेतला आणि जिन्यावर मावशी मोठ्याने खोकली.

बाईने उठून कडी काढली. फुटपट्टीने कागद उलटला. गॅरेजवाला आत आला, हातात सुट्या भागांची पिशवी, मागून मावशी.

"तर पाणी किती मिनिटं उकळता?" फुटपट्टी विचारत होती.

"तुम्ही परत?" गॅरेजवाला म्हणाला. आवाज गोड होता. "बसा, बसा. मला एक सांगा मॅडम. मी शेजारी विचारलं. समोर विचारलं. कुणाकडेच तुम्ही गेला नाहीत. अख्ख्या गल्लीत माझ्याच घरी? तेही तीन तीनदा?"

इथे फुटपट्टी चुकली, आणि ही चूक फक्त तिच्या धंद्यातला माणूसच करू शकतो. तिला मनापासून वाटलं की खरं कारण सांगितलं की माणूस शांत होईल. तिने त्याला समजावलं, अगदी उत्साहाने. घरं चिठ्ठी टाकल्यासारखी निघतात, संगणक काढतो, त्यात कुणाचा हात नसतो, तुमचं घर निघालं हा निव्वळ योगायोग, आणि एकदा निघालेलं घर बदलता येत नाही, म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा आलो. ती बोलत होती आणि मावशी तिचा दंड चिमटत होती. यदृच्छा नावाच्या गोष्टीवर तिची श्रद्धा होती. ज्याच्या मनात पाप असतं तो कशालाच योगायोग मानत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"अस्सं," गॅरेजवाला म्हणाला. "म्हणजे कुणी तक्रार केलेली नाही."

"छे, मुळीच नाही."

"संगणकाला बरं माझं घर सापडलं." त्याने बायकोकडे पाहिलं. ती भांड्यांकडे बघत होती. "या तुम्ही मॅडम. झालं ना तुमचं?"

नियम सांगत होता की निघायचं. मावशीने तिला अक्षरशः ओढत दाराबाहेर काढलं. दार लागलं. कडी लागली. दोघी अर्ध्या जिन्यात होत्या तेव्हा पहिला आवाज आला, जड भांडं पडल्यासारखा, पण भांडं पडल्यावर बाई अशी ओरडत नाही.

"खाली चल," मावशी म्हणाली. "मी पोलिसांना फोन लावते. आपण थांबायचं नाही, नियम आहे."

फुटपट्टी जिन्यात उभी राहिली. लावलेल्या दारामागे काय होतं हे तिला मावशीहून जास्त ठाऊक होतं. आणि या खेपेला ते दार तिनेच लावायला लावलं होतं. ती उलटी फिरली आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेली.

लाथा खाऊन दार आधीच खिळखिळं झालं होतं. तिने आणखी तीन-चार घातल्या आणि कडी उखडून आली. आत गॅरेजवाल्याने बायकोचे केस मुठीत गुंडाळून तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटायला घेतलं होतं. "किती सांगितलंस? काय काय सांगितलंस?" तो विचारत होता आणि प्रत्येक प्रश्नाला आपटत होता. रक्त ओट्यावरून खाली फरशीवर ठिबकत होतं. उंचीप्रमाणे लावलेली भांडी खोलीभर लोळत होती.

"सोड तिला!" फुटपट्टी किंचाळली.

त्याने पिशवीतून मोठा पाना उपसला आणि वळला. पहिला घाव तिने हात आडवा धरून घेतला. उजव्या हाताचं हाड कडकन मोडलेलं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. दुसरा घाव खांद्यावर बसला आणि ती गुडघ्यांवर आली. तिसरा डोक्यात बसला असता, पण त्या बाईने, जिला तोंडातलं रक्त थुंकायलाही उसंत नव्हती, त्याच्या मनगटाला दात लावले आणि सोडलेच नाहीत. तो शिव्या हासडत होता, डाव्या हाताने तिच्या डोक्यावर गुद्दे घालत होता, आणि ती कुत्र्यासारखी लटकून होती. पाना खाली पडला.

फुटपट्टीने तो डाव्या हाताने उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. तिने पुन्हा घातला, त्याच जागी. गुडघा आत गेला. तो आडवा होऊन लहान मुलासारखा ओरडत होता, त्याच्यात आता कुणाला मारायचं बळ उरलं नव्हतं, आणि तिने तिसरा घातला. चौथ्यासाठी हात वर गेला होता तेव्हा मावशी आणि खालचा मेकॅनिक आत आले आणि त्यांनी तिला मागे खेचलं. पाना तिच्या बोटांतून सोडवायला मेकॅनिकला दोन्ही हात लावावे लागले.

पुढचे दिवस धुमाळीचे गेले. गॅरेजवाला दुसऱ्या इस्पितळात पोलिसांच्या पहाऱ्यात पडून होता आणि तिथून तक्रारी देत होता की सरकारी बाईने घरात घुसून मला लंगडा केलं. खात्यात चौकशी बसली. कारकुनांना चघळायला विषय मिळाला. ज्याची बोटं सुजली होती तो सगळ्यांना हात दाखवत हिंडला, "मी आधीच म्हटलं होतं." फुटपट्टीचा हात प्लॅस्टरमध्ये गेला. त्या बाईच्या नाकाचं हाड मोडलं होतं, ओठाला टाके पडले होते, एक डोळा वाचेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. ती मोठ्या इस्पितळाच्या बायकांच्या वॉर्डात पडद्यामागे होती.

तिथेच, पडद्याच्या बाहेर, सरांनी फुटपट्टीला गाठलं. खात्याच्या वरच्या साहेबांचा निरोप होता की ते घर पाहणीतून काढा, शेजारचं घ्या आणि प्रकरण मिटवा.

"तुम्ही काय सांगितलंत?" तिने विचारलं.

"शेजारचं घेणार नाही, हे सांगितलं." सर खुर्चीवर बसले. ते एकाएकी फार म्हातारे दिसत होते. "पण काढावं लागेल. मुलाखत अर्धवट आहे. आणि अर्धवट नसती तरी, गेल्या वर्षभरात किती मार बसला हे आपण विचारतो. हा परवाचा मार आपण गेलो म्हणून बसला. पाहणीने घडवलेली गोष्ट पाहणीत कशी धरायची? तूच सांग. मोजणाऱ्यानेच काटा दाबल्यासारखं आहे ते."

"म्हणजे ती पुसून टाकायची?" तिचा आवाज चढला. "नाक फुटलंय तिचं, आणि आपल्या कागदावर ती नाहीच?"

"मला ओरडू नकोस! तिसऱ्या खेपेला मीच पाठवलं तुम्हाला. रात्रीची झोप उडालीये माझी. पण चूक झाली म्हणून गणितही चुकवू?"

"बाहेर काय भांडताय?" पडद्यामागून आवाज आला. टाक्यांमुळे शब्द जड येत होते, पण धार जागच्या जागी होती. "आत या. त्या म्हाताऱ्यांनाही आणा."

दोघं आत गेले. बाईचं अर्धं तोंड पट्ट्यांखाली होतं. उघड्या डोळ्याने तिने सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमच्यामुळे मारलं म्हणता?"

"बाई, आम्ही आलो नसतो तर..."

"तर त्याने नळ टिपकला म्हणून मारलं असतं. हात कुणाचा होता? तुमचा होता?" ती थांबली, श्वास घेतला. "इतकी वर्षं तो सांगायचा, तुझ्यामुळे हात उचलावा लागतो. आता तुम्ही म्हणता, आमच्यामुळे. एकदा तरी कुणी म्हणा की त्याने मारलं! बाकीचे प्रश्न विचारा. अर्धवट आहे ना, पुरं करा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि फुटपट्टीला म्हणाले, "एकटीने विचारायचं असतं. नियम आहे." मग बाहेर जाऊन पडद्याला पाठ लावून उभे राहिले आणि औषध द्यायला आलेल्या नर्सवर असे खेकसले की ती आल्या पावली परत गेली.

फुटपट्टीने डाव्या हातात पेन्सिल धरली. हत्याराने मारण्याची धमकी दिली का? दिली. प्रत्यक्ष मारलं का? "तुमच्यादेखत. लिहा." हाड मोडलं का? "हो." हे कधी कुणाला सांगितलं होतं? "तुम्हालाच." डाव्या हाताच्या खुणा चौकटीबाहेर पळत होत्या आणि ती त्या पुन्हा पुन्हा आत आणत होती.

शेवटच्या प्रश्नापाशी ती अडली. तो सरांनीच घातलेला, प्रत्येक बाईला न चुकता विचारायचा. "वाचा की," बाई म्हणाली.

"एवढं सगळं बोलून तुम्हाला आता कसं वाटतंय? बरं, वाईट, की काही फरक नाही?"

बाई हसायला गेली, टाके ओढले गेले आणि तिने ओठावर हात दाबला.

"तुम्ही त्याच्या गुडघ्यावर पहिला घातलात तेव्हा बरं वाटलं," ती म्हणाली. "दुसरा घातलात तेव्हा त्याहून बरं. तिसऱ्याला मी डोळे मिटून घेतले. तुमचा चेहरा अगदी त्याच्यासारखा झाला होता. मला वाटलं, हा संपला की आता माझ्याकडे वळतील."

फुटपट्टीला बोलायचं होतं. आपण तसे नाही, हे तिला सांगायचं होतं, आणि ते खरं आहे की नाही हे तिलाच ठरवता येईना.

"बोलून मात्र बरं वाटलं," बाई म्हणाली. "तेच विचारताय ना तुम्ही? मग तेच लिहा."

फुटपट्टीच्या हातून खूण होईना. बाईने थोडा वेळ वाट पाहिली, मग कोपरावर रेलून उठली, तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि एका डोळ्याने नेम धरून खूण स्वतः केली.